नारळी पौर्णिमेला बी, दसऱ्याला लागण: ढबू मिरचीची रोपं घरात करताना

साताऱ्यात ढबू मिरचीचं बी टाकायची योग्य वेळ येते, तेव्हा बाहेर पाऊस काहीच पेरू देत नाही. म्हणून ही रोपं घरात करायची.

ढबूला फळ धरायला दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. पारा ३२-३५ च्या पुढं गेला की फुलं गळायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये फुलावर आलेलं झाड आपल्याकडं नुसतं हिरवंगार उभं राहतं, मिरची धरत नाही. म्हणजे झाड फुलावर यायला हवं नोव्हेंबरात. तिथून मागं मोजा. कुंडीत लावल्यापासून फुलं यायला पाच-सहा आठवडे लागतात. बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला घरच्या घरी सात आठवडे धरा. हिशोब येतो ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यावर. मी तो सणांवर लक्षात ठेवते: नारळी पौर्णिमेच्या आसपास बी आणि दसऱ्याच्या आसपास लागण. मधे साधारण ५४ दिवस मिळतात, तेवढे पुरतात. पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस येणार असेल, त्या वर्षी आठ-दहा दिवस आधीच पेरून घ्या.

माझी आत्या तासगावला असते. पहिल्या वर्षी फोनवर म्हणाली, "अगं, घरात कशाला मांडतीस पसारा? वाफ्यात टाक की बी! मिरचीचा तरवा काय घरात करत्यात व्हय?" तिच्या गावापुरतं तिचं बरोबर होतं. तिकडं ऑगस्टमध्ये चांगली उघडीप मिळते. आमच्याकडं एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास. सातारा शहर या दोन्हींच्या मधे. मी आत्याचं ऐकून गच्चीवर वाफा केला आणि चार दिवसांच्या झडीत सगळं बी वाहून गेलं. पुढच्या वर्षी ट्रे स्वयंपाकघरात फळीवर ठेवला. बी झकास उगवलं आणि पंधरा दिवसांत सगळी रोपं आडवी झाली. त्या दुसऱ्या चुकीतून मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. नवख्या माणसानं इतर काही विसरलं तरी चालेल, पण ती विसरू नये: बीला ऊब लागते आणि रोपाला उजेड. या दोन गोष्टींना एकच जागा चालत नाही.

बी कोणतं घ्यायचं

पहिल्यांदा करणाऱ्यानं संकरित बियाण्याच्या मागं लागू नये. शेतकऱ्यांसाठीची संकरित पाकिटं महाग असतात. एका ग्रॅममध्ये साधारण दीडशे बिया भरतात आणि घराला पाच-सहा झाडं पुष्कळ होतात. 'कॅलिफोर्निया वंडर' ही १९२८ पासून चालत आलेली सरळ वाणाची जात आहे, लहान पाकिटात सहज मिळते आणि कुंडीत नीट येते. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या 'अर्का मोहिनी' आणि 'अर्का गौरव' याही सरळ वाणाच्या जाती. त्यातली अर्का गौरव जिवाणूजन्य मर रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. पाण्याचा निचरा कमी असलेल्या काळ्या मातीत लावणार असाल तर मी हीच सुचवीन.

पाकिटाच्या मागची बाजू दुकानातच वाचा. तपासणीची तारीख, वैधता आणि उगवणीची टक्केवारी छापलेली असते. मिरचीच्या बियाण्याला किमान ६० टक्के उगवणीचं प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे नियमात बसणारं चांगलं बी घेतलं तरी दहातल्या चार बिया न उगवणं शक्य आहे. सहा झाडं हवी असतील तर बारा ते पंधरा बिया टाका. जास्त उगवली तर शेजारी द्यायला होतात.

मंडईतल्या ढबूचं बी चालेल का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. हिरव्या ढबूचं चालत नाही, कारण ती कच्ची तोडलेली असते आणि बी आत पक्व झालेलं नसतं. लाल किंवा पिवळी पिकलेली ढबू असेल तर बी उगवतं. पण ती बहुतेक वेळा संकरित असते, त्यामुळं पुढचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. आणखी एक. स्वतःच्या झाडाचं बी धरणार असाल आणि जवळ तिखट मिरची लावलेली असेल, तर त्या वर्षीची ढबू गोडच राहते, पण तिच्या बीपासून पुढच्या वर्षी तिखट फळं येऊ शकतात. परागकण दोन्हीकडं फिरतात, त्याचा परिणाम बीमध्ये उतरतो.

माती नको

बागेतली माती ट्रेमध्ये भरायचा मोह टाळा. ती दोन पाण्यात घट्ट बसते, वर पापडी धरते आणि रोपं कोलमडवणारी बुरशी सोबत घेऊन येते. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट आणा. बादलीत कोमट पाण्यात टाकली की फुगून आठ-नऊ लिटर होते. ते दोन-तीन पाण्यानं धुऊन घ्या, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि कोवळ्या मुळ्यांना ते सोसत नाही. मग तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत असं कालवा. चमचाभर ट्रायकोडर्मा पावडर मिसळली तर फार चांगलं. ही उपयोगी बुरशी आहे, मुळांशी राहून घातक बुरशीला जागा देत नाही.

ओलावा किती हवा? मूठ घट्ट दाबली तर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहावा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तसली स्थिती. पाणी धारेनं गळत असेल तर फार ओलं आहे, तासभर पसरून ठेवा.

ट्रे म्हणून रोपवाटिकेतला ९८ कप्प्यांचा प्रो ट्रे मिळतो, पण घरी ५० कप्प्यांचा बरा. कप्पा मोठा म्हणजे ओलावा जरा जास्त टिकतो आणि एखादा दिवस पाणी चुकलं तरी रोप वाचतं. ट्रे नसेल तर दह्याचे डबे किंवा चहाचे कागदी कप चालतात. तळाला तीन-चार भोकं मात्र पाडा.

पेरणी

बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते भिजवू नका, सरळ पेरा आणि हात साबणानं धुवा. साधं, पिवळट बी असेल तर रात्री वाटीत पाण्यात ठेवून सकाळी पेरलं की उगवण थोडी लवकर होते. रात्रभरापेक्षा जास्त भिजवू नये, बी गुदमरतं.

कप्पा काठोकाठ भरून बोटानं हलकेच दाबा. पेन्सिलीच्या टोकानं अर्धा ते पाऊण सेंटिमीटर खोल खळगा करा, त्यात एक बी टाका, वरून कोकोपीट भुरभुरा. जास्त खोल गेलेलं बी वर येता येता दमतं, फार वर राहिलं तर सालपट डोक्यावर घेऊनच बाहेर येतं. पिचकारीनं पाणी मारा. जात आणि तारीख लिहिलेली पट्टी त्याच दिवशी खोचा.

उगवेपर्यंत ऊब

रोपवाटिकेत पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकनं गुंडाळून ठेवतात. आत ऊब आणि दमटपणा टिकतो म्हणून. घरी तेच लहान प्रमाणात करायचं: ट्रे प्लास्टिकच्या कागदानं झाकून घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. या टप्प्यावर उजेडाची गरज नाही. २५ ते २८ अंशांत सहा ते दहा दिवसांत बी वर येतं. तापमान २० च्या खाली असेल तर दोन-तीन आठवडे लागतात आणि १५ च्या खाली जवळजवळ काहीच घडत नाही. म्हणून डिसेंबरात पेरणाऱ्यांचं बी 'खराब' निघतं. बी चांगलं असतं, फक्त गारठलेलं असतं. ऑगस्टमध्ये आपल्या घरांत ही चिंता फारशी नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून बघा. कोकोपीटमधून पहिली पांढरट कमान दिसली की ट्रे त्याच दिवशी तिथून हलवा. 'उद्या सुट्टी आहे, उद्या बघू' असं इथं चालत नाही.

उगवल्यावर उजेड

नवरात्रात आपण घट बसवतो. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात धान नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पिवळंधमक आणि लुसलुशीत. ते तसंच हवं असतं आणि दसऱ्याला ते डोक्यात खोवताना छानच दिसतं. पण ते तसं का होतं, हे मिरचीवाल्यानं समजून घ्यायला हवं. अंधारात कोंब उजेडाच्या शोधात नुसता उंच होत जातो, काडी जाड करण्यावर आणि पान हिरवं करण्यावर ताकद खर्च करत नाही. माझी फळीवरची रोपं घटातल्या धानासारखीच वाढली होती. धानाचं काम नऊ दिवसांचं, मिरचीच्या रोपाला पुढं सहा महिने उभं राहायचं असतं.

खिडकी निवडताना एक गोष्ट लक्षात घ्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य सातारा-सांगलीत डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत त्या दिवसांत थेट ऊन येतच नाही. ते सप्टेंबरनंतर हळूहळू आत यायला लागतं. म्हणून सुरुवातीला पूर्वेची खिडकी सर्वांत बरी. ट्रे काचेला अगदी जवळ ठेवा. खिडकीपासून दोन हात आत आपल्या डोळ्यांना उजेड भरपूर वाटतो, पण रोपाच्या दृष्टीनं तिथं तिन्हीसांज झालेली असते. रोपं काचेकडं झुकतात, त्यामुळं ट्रे रोज अर्धा फिरवा.

यवतेश्वराच्या डोंगरावर ढग उतरून बसले की साताऱ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. अशा वेळी खिडकी पुरत नाही. मी शेवटी घरातली साधी २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब दोन स्टुलांच्या मधे आडवी बांधली आणि ट्रे तिच्याखाली ठेवला. महागडा जांभळा दिवा लागत नाही. ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर हवी. छतावरच्या ट्यूबचा काही उपयोग नाही. रोज १४ तास चालू, रात्री बंद. रोपं वाढतील तशी ट्यूब वर उचला किंवा ट्रेखालची वीट काढा. एवढ्या एका बदलानं माझी रोपं बुटकी, गर्द हिरवी आणि जाड काडीची झाली.

दिवसातून दोन वेळा रोपांवरून हलका हात फिरवा किंवा पंख्याचा मंद वारा थोडा वेळ लागू द्या. वाऱ्यानं हललेलं रोप काडी मजबूत करतं. शिवाय पानं कोरडी राहतात, बुरशीला दमट हवा मिळत नाही.

पाणी आणि रोपं कोलमडणं

सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी जमिनीलगत कंबर मोडून पडलं, काडी तिथं पाणचट आणि चिमटल्यासारखी झाली, तर ती रोपमर आहे. पडलेलं रोप वाचत नाही. तो कप्पा कोकोपीटसकट काढून टाका, बाकीच्यांचं पाणी दोन दिवस तोडा आणि हवा खेळती ठेवा. कारण बहुतेक वेळा एकच असतं: मायेपोटी घातलेलं पाणी.

वरून पाणी ओतू नका. परातीत बोटभर पाणी घ्या, ट्रे त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग काढून निथळा. परत पाणी कधी द्यायचं हे ट्रे उचलून ठरवा. भरलेला आणि कोरडा ट्रे यांच्या वजनातला फरक चार दिवसांत हाताला कळायला लागतो. वरचा थर सुकून फिका पडला, पण ट्रे अजून जड आहे, तर थांबा. श्रावणातल्या दमट हवेत तीन दिवसांनीही पाणी लागत नाही, उघडीप पडली की रोज लागेल. वारावर पाणी घालायची सवय इथं उपयोगी नाही.

कोकोपीटवर हिरवं शेवाळ किंवा बारीक काळ्या चिलटांची ये-जा दिसली तर ओल जास्त झाली असं समजा. पिवळा चिकट सापळा ट्रेशेजारी लावला की चिलटं त्यावर अडकतात.

मोठ्या कपात हलवणं

सुरुवातीला दिसणारी दोन लांबट, गुळगुळीत पानं ही बीमधलीच असतात. खरी पानं त्यानंतर येतात. खऱ्या पानांची एक जोडी पूर्ण उघडून दुसरी डोकावली की रोप चार इंची पिशवीत किंवा मोठ्या कपात हलवा. यावेळी निम्मं कोकोपीट आणि निम्मं गांडूळखत चालतं. आदल्या संध्याकाळी पाणी द्या म्हणजे मुळांचा गोळा अखंड निघतो. रोप पानाला धरून उचला, काडीला नाही. पान चुरगळलं तर नवं येतं, काडी दबली तर रोप गेलं. टोमॅटोसारखं खोल पुरू नका. टोमॅटोच्या काडीला मुळं फुटतात, मिरचीला तशी भराभर फुटत नाहीत. ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा.

हलवल्यावर आठवड्यानं १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, आठवड्यातून एकदा. त्याच्या आधी खत नको.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: तंबाखू मळलेल्या किंवा मिसरी लावलेल्या हातांनी रोपाला शिवायचं नाही. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातली. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो आणि हातावरून रोपात जातो. पानं चट्ट्यापट्ट्यांची होतात आणि त्यावर औषध नाही. आमच्याकडं आजेसासूबाईंना रोपं बघायचा फार नाद. त्या आता आधी साबणानं हात धुतात आणि मगच कप हातात घेतात.

पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे आहेत, खालच्या बाजूला वळली तर कोळी. दोन्ही पानाखाली राहतात, म्हणून फवारा पानाखालून मारायचा. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडासा साबण, संध्याकाळच्या वेळी. सुरुवातीला एक-दोन रोपांवर मारून बघा आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर.

उन्हाची सवय

सप्टेंबरच्या मध्यापासून अधूनमधून लख्ख ऊन पडतं. घरात वाढलेलं रोप अशा उन्हात एकदम ठेवलं तर पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात. सवय आठ-दहा दिवसांत लावा. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज थोडं वाढवत न्या. दुपारचं ऊन शेवटच्या दोन दिवसांतच. याच काळात पाणी थोडं कमी करा, रोप काटक होतं. पावसाची सर आली तर मात्र आत घ्या. सांगली-मिरजेकडं सप्टेंबर-ऑक्टोबरचं ऊन जास्त कडक, तिथं ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली चार दिवस जादा ठेवा.

लागण

पाच-सहा खरी पानं, पेन्सिलीपेक्षा जरा बारीक पण ताठ काडी आणि कपाच्या तळाशी पांढऱ्या मुळ्या दिसत असल्या की रोप तयार. प्रत्येक झाडाला १५-२० लिटरची कुंडी द्या. जमिनीत लावायचं असेल तर गादीवाफ्यावर दीड फूट अंतरावर. जिथं मागच्या हंगामात टोमॅटो, वांगी, बटाटा किंवा मिरची होती ती जागा नको, एकाच कुळातले रोग मातीत राहिलेले असतात.

ऊन उतरल्यावर, चार-साडेचारनंतर लावा म्हणजे रोपाला रात्रभर सावरायला मिळतं. मुळांचा गोळा न फोडता ठेवा, माती सारखी करा आणि लगेच पाणी द्या. शेजारी काठी त्याच वेळी रोवा. नंतर रोवली तर मुळं दुखावतात. सुतळी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा.

झाड पहिल्यांदा जिथं दोन फांद्यांत फुटतं, त्या बेचक्यात एक फूल येतं. ते खुडून टाका. जिवावर येतं, पण ते ठेवलं तर झाड लहान असतानाच सगळी ताकद त्या एका मिरचीत जाते. पुढची फुलं ठेवायची. त्यांच्या हिरव्या ढबू डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तोडायला येतात. लाल हव्या असतील तर आणखी तीन-चार आठवडे झाडावरच राहू द्या. तोडताना ओढू नका, देठ कात्रीनं कापा, कारण ढबूची फांदी ठिसूळ असते आणि मिरचीबरोबर निखळून हातात येते.